टेम्पोची किल्ली देण्यापूर्वी

मोटार चालवता येणे आणि मोटार चालवण्याचा परवाना खिशात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या व्यापारी बांधवांना सांगायला नको. तरीही गाडीवर नवा ड्रायव्हर ठेवताना बहुतेक पेढ्यांवर एकच प्रश्न विचारला जातो : लायसन आहे ना? आहे म्हटले की किल्ली हातात. कापड घेताना आपण पन्हा मोजतो, वजन पाहतो, सूत उलगडून बघतो. लाखो रुपयांची गाडी, तिच्यावरचा माल आणि रस्त्याने चालणारी माणसे मात्र एका कार्डाच्या भरवशावर सोडून देतो. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ता अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. हा आकडा केंद्र सरकारचा आहे.

आम्ही कापडाचे व्यापारी, म्हणून आमच्याच भाषेत सांगतो. ड्रायव्हिंग स्कूलचा नेहमीचा कोर्स म्हणजे तयार सदरा. अंगात जातो, पण कुठे ढगळ, कुठे आखूड. ज्याला रोज तोच घालून काम करायचे आहे त्याने माप देऊन शिवून घ्यावा. ड्रायव्हिंगचे शिक्षणही असे मापाने मिळू शकते. गाडी आपली, माल आपला, रस्ता आपला आणि शिकवणारा उस्ताद बाहेरचा. मोठ्या कंपन्या आपल्या ड्रायव्हरांना असे शिक्षण देतात. आपल्यासारख्या एक-दोन गाड्यांच्या मालकांनी ते का घेऊ नये, हा आमचा सवाल आहे.

नेहमीच्या कोर्समध्ये मुलगा शिकतो ते रिकाम्या छोट्या मोटारीत, ओळखीच्या रस्त्यावर, बहुधा सकाळच्या वेळी. शेजारी बसलेल्या शिक्षकाच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. नियमच तसा आहे आणि तो बरोबर आहे. पण मुलाला वाटते की गाडी आपण थांबवली, आणि थांबवलेली असते शिक्षकाने. १ जुलै २०२१ पासून केंद्र सरकारने मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू केले. त्यात हलक्या वाहनासाठी २९ तासांचा, जास्तीत जास्त चार आठवड्यांत पुरा करायचा अभ्यासक्रम आहे, आणि मध्यम व जड वाहनांसाठी ३८ तासांचा, सहा आठवड्यांचा. अशा केंद्रातून जो पास होतो त्याला आरटीओची चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागत नाही. ही सुधारणा चांगलीच आहे. पण २९ तास शिकलेल्या मुलानेही सायझिंगमधून भरून निघालेल्या बीमचा टेम्पो कधी चालवलेला नसतो.

भिवंडी-मालेगावच्या वाचकांना बीम म्हणजे काय हे ठाऊक आहे. इतरांसाठी सांगतो. ताण्याचे सूत गुंडाळलेला हा लोखंडी रूळ असतो, वजनदार आणि गोल. पाचर नीट बसली नसेल तर जोरात ब्रेक मारताच तो पुढे येतो, आणि पुढे ड्रायव्हरची केबिन असते. कापडाच्या गाठींचा स्वभाव निराळा. त्या एकावर एक रचल्या की गाडीचा तोल वर जातो आणि वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते. सुताच्या गोण्या अर्ध्याच भरल्या असतील तर त्या आतल्या आत सरकतात, आणि मग भरलेल्या गाडीपेक्षा अर्धी भरलेली गाडी अधिक त्रास देते. हे कुठल्या पुस्तकात शिकवणार? माल भरून, दोर आवळून, ताडपत्री टाकून, शिक्षकाला शेजारी बसवून त्याच गाडीवर ते शिकावे लागते.

आपल्याकडे आजवर हे काम उस्ताद-शागीर्द पद्धतीने झाले. पोरगा क्लीनर म्हणून लागला, चार वर्षे गाडी धुतली, दोर बांधले, आणि एक दिवस उस्तादाने स्टीअरिंग हातात दिले. या पद्धतीला आम्ही नावे ठेवणार नाही. इंजिनाचा आवाज ओळखणे, टायरवर हात मारून हवा सांगणे, गाठ अशी मारणे की ती वाटेत सुटत नाही पण मुक्कामावर एका झटक्यात सुटते, हे त्यातूनच आले. मात्र उस्तादाच्या चुकाही शागीर्दाकडे तशाच्या तशा येतात, आणि त्या दाखवणारा तिसरा माणूस मध्ये नसतो.

घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे ही अशीच वारशाने आलेली एक चूक. मालेगावहून ग्रे कापड भरून भिवंडी-मुंबईकडे येणारी गाडी कसारा घाट उतरते. डिझेल वाचवायचे म्हणून काही ड्रायव्हर तिथे गिअर काढतात, एखादा धाडसी इंजिनही बंद करतो. गिअर काढला की इंजिनाची पकड जाते आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक पाय दाबूनही धरत नाही. इंजिन बंद केले तर ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांनंतर संपते आणि पॉवर स्टीअरिंग असेल तर तेही जड होते. बरे, डिझेल तरी वाचते का? आजकालच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा फवाराच थांबतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला मात्र डिझेल जळत राहते. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव टांगणीला लावला तीही झाली नाही. घाट उतरायला सुरुवात करण्याआधीच खालचा गिअर टाकावा, इंजिनाला गाडी धरू द्यावी आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता थांबून-थांबून लावावा, एवढे शिकवायला शिक्षकाला एक फेरी पुरते. अरुंद चढणीवर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, हेही त्याच फेरीत सांगून होते.

सपाट रस्त्यावर खरी शिकवण अंतराची. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे सरकते. समोरचा दिवा लाल झाला हे डोळ्याने पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच सेकंदभर जातो. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यावर थांबायला दुप्पट नव्हे, चौपट जागा लागते. म्हणून पुढच्या गाडीपासून निदान तीन सेकंदांचे अंतर ठेवायला शिकवतात. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात मोजायचे, आणि आपण त्याच खांबाशी तीनच्या आत पोहोचलो तर पाय ढिला करायचा. पावसात हे अंतर वाढवायचे. भिवंडीच्या बायपासवर एवढे अंतर ठेवले तर मध्ये दोन रिक्षा घुसतात, असे ड्रायव्हर म्हणतील. घुसू द्यावे, आणि पुन्हा मागे राहावे.

आता पैशाची आणि कायद्याची बाजू. हलक्या वाहनाच्या परवान्यावर मालवाहू टेम्पो चालवता येतो की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद चालले आणि विमा कंपन्या त्याच मुद्द्यावर दावे नाकारत. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने निकाल दिला की मालासह एकूण वजन ७५०० किलोपर्यंत असणारे मालवाहू वाहन हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस चालवू शकतो. म्हणजे छोटा हत्ती आणि चारशेसात यांचा प्रश्न मिटला. त्यावरच्या गाड्यांसाठी वेगळा परवाना लागतोच. या निकालाने व्यापाऱ्याला दिलासा मिळाला, पण आमच्या मते त्याची जबाबदारी वाढली. काल-परवापर्यंत फक्त घरची मोटार चालवणारा मुलगा आज कायद्याने टेम्पोवर बसू शकतो. कायदा त्याला अडवत नाही. त्याला येते की नाही हे आता मालकानेच पाहायचे आहे.

न्यायालये हे पाहतात. ड्रायव्हरकडे वैध परवाना नसेल तर विमा कंपनीने जखमींना आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मान्य केला. त्याआधी २००३ मध्ये न्यायालयाने असेही म्हटले होते की मालकाने ड्रायव्हर ठेवताना परवाना पाहिला असेल, तो वरकरणी खरा दिसत असेल आणि माणूस गाडी नीट चालवतो याची खात्री करून घेतली असेल, तर पुढे परवाना खोटा निघाला तरी मालकाने अट मोडली असे धरता येत नाही. यातली खात्री करून घेण्याची गोष्ट महत्त्वाची आहे. ती करायची कशी? शिक्षकाला बोलावून ड्रायव्हरची चाचणी घेतली आणि चार दिवसांचे शिक्षण दिले, तर याहून चांगला पुरावा दुसरा नाही. विनापरवाना माणसाला गाडी देणाऱ्या मालकाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हेही लक्षात असू द्यावे. घरातल्या अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. ‘जवळच्या गल्लीतच माल पोचवायचा होता’ ही सबब तिथे चालत नाही.

२०१९ मध्येच व्यावसायिक ड्रायव्हरसाठी असलेली आठवी पासची अट सरकारने काढून टाकली. आपल्या वस्तीतल्या किती तरी मुलांना त्यामुळे रोजगाराची वाट खुली झाली. पण मग त्यांना शिकवणारा त्यांच्या बोलीत तोंडी शिकवणारा हवा, पाट्या आणि खुणा हाताने काढून समजावणारा हवा. शिक्षक ठरवताना हे आधी विचारावे.

व्यवस्था अशी करता येते. शेजारच्या चार-पाच गाळ्यांच्या मालकांनी मिळून एक अनुभवी शिक्षक ठरवावा आणि फी वाटून घ्यावी. पहिल्या दिवशी त्याने काही न शिकवता प्रत्येक ड्रायव्हरच्या शेजारी नुसते बसून फिरावे आणि कुणाचे काय चुकते ते लिहून द्यावे. एकाचे रिव्हर्स कच्चे असते, एकाची नजर बाजूच्या आरशाकडे जातच नाही, एक रात्री समोरच्या दिव्याने गांगरतो. ज्याचे जे कच्चे तेवढेच त्याला शिकवावे. तीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला क्लच दाखवायला गेलात तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही. मोठ्या गाड्यांचा ताफा असणाऱ्यांनी पुण्याजवळ भोसरीला १९६७ पासून असलेल्या केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेकडे चौकशी करावी. ड्रायव्हर आणि वाहतुकीचे प्रशिक्षण हेही तिचे काम आहे.

खाजगी मोटारवाल्यांचा प्रश्न याहून सोपा आहे. परवाना मिळाला, गाडी घेतली, आणि ती इमारतीखाली कव्हर घालून उभी, अशी घरे आपण पाहतो. घरातल्या मुलींनी, सुनांनी शिकून घेतलेले असते, पण हिंमत होत नाही. त्यांना पुन्हा पहिल्यापासून कोर्स नको. घरच्याच गाडीवर पाच-सहा दिवस, त्यांच्या नेहमीच्या रस्त्यांवर, शाळेच्या वेळेच्या गर्दीत आणि एकदा रात्री, एवढे पुरते. शिक्षिका मिळाली तर उत्तमच. मोटारसायकलवर कपड्यांचे गाठोडे बांधून कारखान्यातून दुकानात जाणाऱ्या कारागिरांचा तर कुणी विचारच करत नाही. गाठोडे मागे लटकले की पुढचे चाक हलके होते आणि वळताना हँडल ऐकत नाही. त्यांनाही अर्ध्या दिवसाची शिकवणी द्यायला हरकत नाही.

शिक्षणाचा शेवटचा दिवस असेल तेव्हा मालकाने दुकान सोडून भरलेल्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी स्वतः बसावे. मग शिक्षकाकडून तारखेसह चार ओळी लिहून घ्याव्यात : कोणत्या गाडीवर शिकवले, किती दिवस, काय जमले, काय अजून कच्चे आहे. त्या कागदासोबत परवान्याची प्रत आणि त्याची मुदत संपण्याची तारीख जोडून सगळे विम्याच्या कागदांबरोबर एकाच फायलीत ठेवावे. मालवाहतुकीच्या परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी येते, आणि ही तारीख ड्रायव्हर विसरतो.