प्रदूषण प्रतिबंधाचे माहिती केंद्र : हिवरखेड परिसरातील विहिरींच्या संदर्भात

विहिरीचे पाणी एकदा बिघडले म्हणजे ते पूर्ववत करणे किती कठीण असते, याची पुरेशी कल्पना आपल्या शेतकरी बंधूंना असत नाही. गढूळ पाणी निवळते, तुरटी फिरविली असता गाळ खाली बसतो, आणि उकळले असता रोगजंतू नाश पावतात. परंतु पाण्यात विरघळलेला नायट्रेट तुरटीने बसत नाही व उकळल्याने जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. कीटकनाशकांच्या अंशाविषयीही घरगुती उपायांवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून पाणी बिघडल्यानंतर त्यावर इलाज शोधण्याऐवजी ते बिघडूच नये अशी तजवीज करणे, यास प्रदूषण प्रतिबंध असे म्हणतात.

अमेरिकेत १९९० साली या तत्त्वावर स्वतंत्र कायदा करण्यात आला. घाण निर्माण झाल्यावर ती साफ करण्यापेक्षा ती उगमापाशीच कमी करावी, आणि त्याविषयीची माहिती एकत्र करून ती मागेल त्यास पुरवावी, असे त्या कायद्यात सांगितले होते. त्यातूनच पुढे तेथे प्रादेशिक माहिती केंद्रे निघाली. आपल्याकडे कायद्यांची वाण नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ सालीच केला, १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले, आणि १९७४ साली केंद्र सरकारचा कायदा आला. मंडळाचे प्रादेशिक कार्यालय अमरावतीस आहे. परंतु ही सर्व व्यवस्था मुख्यतः कारखाने व शहरांतील सांडपाणी डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली. कारखान्याला नळी असते. नळीच्या तोंडाशी उभे राहून नमुना घेता येतो. शेतातून होणारे प्रदूषण हजार धुऱ्यांवरून थेंबाथेंबाने होते. त्यावर निरीक्षक नेमता येत नाही. तेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, माहितीचा पोहोचू शकतो. आणि अशी माहिती जिल्ह्याच्या ठिकाणी असून फारसा उपयोग नाही, ती हिवरखेडसारख्या बाजाराच्या गावी असावयास पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हिवरखेडचेच नाव घेण्यास कारण आहे. वऱ्हाडात या नावाची एकाहून अधिक गावे आहेत. त्यांपैकी अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यातले हिवरखेड सातपुड्याच्या पायथ्याशी वसले आहे. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यानाल्यांनी हजारो वर्षे आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा व भरड वाळूचा थर या पायथ्याशी आहे. पावसाचे पाणी या थरातून झपाट्याने खाली मुरते, आणि उताराने दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यात सरकते. दक्षिणेस गेल्यावर खारपाणपट्टा लागतो. तेथील विहिरींचे पाणी मुळातच खारे असल्याने गोड्या पाण्यासाठी पायथ्याकडे व वान नदीच्या धरणाकडे पाहावे लागते. तेव्हा ज्या थरातून गोडे पाणी जमिनीत शिरते, त्याच थरातून वर सांडलेले विषही शिरते, हे ध्यानात घेतले पाहिजे. काळ्या चिकण मातीत पाणी मुरण्यास वेळ लागतो व मातीचे कण बरेचसे विष धरून ठेवतात. गोट्यांच्या थरात ही चाळणी नसते. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी व वरूड या संत्र्याच्या तालुक्यांत उपशामुळे भूजल अतिशय खोल गेले आहे. जेथे पाणी थोडे उरते तेथे त्यात मिसळलेला दोषही दाट होतो, ही आणखी एक गोष्ट.

आता विष पाण्यात जाते कसे, ते पाहू. सर्वांत मोठा व सर्वांत कमी ठाऊक असलेला मार्ग विंधन विहिरीच्या नळीचा आहे. फवारणीसाठी टिपाड भरताना नळीचे तोंड टिपाडातील द्रावणात बुडवून ठेवण्याची सर्वत्र वहिवाट आहे. टिपाड भरत असताना वीज गेली किंवा मोटार बंद पडली, म्हणजे नळीतील पाणी आपल्या भाराने खाली उतरते, आणि आपल्यामागे टिपाडातील द्रावण खेचून घेते. काही क्षणांतच तयार केलेले औषध थेट विंधन विहिरीत उतरते. मध्ये माती नाही, वाळू नाही, कसलीही गाळणी नाही. वऱ्हाडात वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्यामुळे ही गोष्ट वारंवार घडत असली पाहिजे. मात्र ती डोळ्यांना दिसत नसल्याने कोणी तिची दखल घेत नाही. यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. नळीचे तोंड टिपाडातील पाण्याच्या पातळीपेक्षा वीतभर उंच धरावे, आणि औषध पाणी भरून झाल्यावरच मिसळावे. नळीस उलटे पाणी न जाऊ देणारी झडप बसविल्यास अधिक चांगले. द्रावण विहिरीपासून वा हातपंपापासून निदान शंभर फूट अंतरावर तयार करावे. निकामी झालेल्या विंधन विहिरींची तोंडे उघडी ठेवू नयेत. त्या म्हणजे भूजलात उतरणाऱ्या उघड्या नळ्याच होत.

दुसरा मार्ग रिकाम्या डब्यांचा व बाटल्यांचा. कीटकनाशक नियम, १९७१ यांनुसार रिकामी वेष्टने पाणी दूषित होईल अशा रीतीने उघड्यावर टाकण्यास मनाई आहे. ती पुन्हा वापरात येणार नाहीत अशी फोडून टाकावयाची असतात. प्रत्यक्षात ती नाल्याच्या काठी टाकली जातात, आणि पहिल्या पुराबरोबर वाहून जातात. काही घरी तर धुतलेल्या डब्यातून तेल वा पाणी ठेवले जाते. बाटली रिकामी झाल्यावर तिच्यात चौथाई पाणी घालून, हलवून, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे, व असे तीन वेळा करावे. यात धर्मकार्य नाही; बाटलीच्या तळाशी राहणारे औषध आपण पैसे मोजूनच आणलेले असते. त्यानंतर बाटलीस छिद्र पाडून ती वेगळी ठेवावी. पंप धुतलेले पाणी त्याच पिकावर फवारून टाकावे, विहिरीच्या काठी वा नाल्यात ओतू नये.

तिसरा मार्ग नत्राचा. युरिया पाण्यात चटकन विरघळतो, आणि जोराच्या पावसापूर्वी टाकला तर पिकाच्या मुळांखालून निघून जातो. म्हणून कपाशीस तो एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावा. परंतु गावातील विहिरींच्या बाबतीत युरियापेक्षाही उकिरडा हे मोठे कारण असू शकते. विहिरीच्या वरच्या अंगास उकिरडा वा शौचालयाचा शोषखड्डा असेल तर नायट्रेट वाढल्याशिवाय राहत नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण एका लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे भारतीय मानक आहे. याहून अधिक असलेल्या पाण्यात कालविलेले वरचे दूध लहान बाळास दिल्यास त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते, व बाळ निळसर पडते.

पाण्याइतकाच माणसांचाही प्रश्न आहे. २०१७ सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अकोला व अमरावती जिल्ह्यांतही विषबाधेचे रुग्ण आढळले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. दोनतीन औषधे एकत्र मिसळून फवारण्याचा प्रघात पडला होता. जोराने तुषार उडविणारे पंप वापरात होते. अंगावर संरक्षक कपडे नव्हते. ही सर्व कारणे अगोदर सांगता येण्यासारखी होती. कोणती औषधे एकत्र करू नयेत, हे फवारणीच्या आदल्या दिवशी विचारण्यास शेतकऱ्यापाशी बहुधा एकच माणूस असतो, तो म्हणजे औषध विकणारा दुकानदार. सगळेच दुकानदार वाईट असतात असे नव्हे. परंतु विकणाऱ्याकडूनच 'विकत घेऊ नका' असा सल्ला मिळण्याची अपेक्षा करणे योग्य होणार नाही. शिवाय आपण या विषाला 'औषध' म्हणतो. या एका शब्दाने आपले पुष्कळ नुकसान केले आहे.

या दृष्टीने माहिती केंद्रात काय असावे? प्रथम, बंदी घातलेल्या कीटकनाशकांची अद्ययावत यादी असावी. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. २०१८ सालच्या आदेशान्वये बारा कीटकनाशके तत्काळ, आणि फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस यांसह आणखी सहा ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. तरीही जुन्या पुड्या गोठ्याच्या आढ्याला खोचलेल्या असू शकतात. असा साठा नाल्यात न ओतता केंद्रात त्याची नोंद करावी, व विल्हेवाटीबाबत कृषी विभागाचा सल्ला घ्यावा. दुसरे, डब्यावरील रंगीत त्रिकोणाचा अर्थ समजावून देणारा माणूस असावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि शेवटी हिरवा. हा रंग माणसास होणाऱ्या विषबाधेची पायरी दाखवितो. मधमाश्या व मासे यांच्याविषयी तो काहीच सांगत नाही. हिरवा त्रिकोण पाहून डबा नदीत धुणे म्हणूनच चूक होय. तिसरे, विषबाधेचे दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहिलेले असावेत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १९९५ पासून काम करीत आहे, आणि त्याचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ हा आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८, व पिकाच्या सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटरचा १८०० १८० १५५१. रुग्णाबरोबर औषधाचा डबा वा त्यावरील चिठ्ठी दवाखान्यात अवश्य न्यावी. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषावर ॲट्रोपीन लागू पडते, परंतु अन्य कित्येक विषांवर असा ठरावीक उतारा नाही. कोणते विष पोटात वा अंगात गेले हे कळल्याशिवाय डॉक्टरांना अंधारात चाचपडावे लागते.

फवारणीच कमी व्हावी याची माहितीही तेथेच मिळावयास हवी. कपाशीत हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून, सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज आठ किंवा अधिक गुलाबी बोंडअळीचे पतंग सापडले, तरच फवारणीचा विचार करावा. प्रारंभीच्या काळात पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. अकोट, तेल्हारा व अंजनगाव या पट्ट्यातील पानवेलींच्या मळेवाल्यांना तर ही माहिती विशेष अगत्याची आहे, कारण विड्याचे पान शिजवून खाल्ले जात नाही.

केंद्रासाठी नवी इमारत बांधण्याची आवश्यकता नाही. केवळ फलक लावून व फीत कापून केंद्र होत नाही, हे आपण अनेकदा पाहिले आहे. एक खोली, एक कपाट, एक नोंदवही आणि ठरलेल्या वेळी तेथे बसणारा माणूस इतके पुरे. आठवडी बाजाराच्या दिवशी, तसेच जुलै ते ऑक्टोबर या फवारणीच्या काळात रोज सकाळी ते उघडे असावे. तांत्रिक शंकांसाठी अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ व जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र यांच्याशी त्याचा संबंध जोडावा. विचारलेला प्रत्येक प्रश्न, आणि त्यास दिलेले उत्तर, तारखेसह नोंदवावे. पुढील वर्षी कोणत्या गोष्टीवर भर द्यावयाचा हे त्या वहीवरूनच ठरेल.

पाणी तपासणीचे कामही याच खोलीतून व्हावे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. त्या भगिनींना केंद्राशी जोडून घ्यावे. पाणी कोठले बिघडले हे घरात प्रथम त्यांनाच कळते. प्रयोगशाळेत पाठवावयाचा नमुना घेताना हातपंप काही मिनिटे चालवून पहिले पाणी जाऊ द्यावे. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळून मग भरावी, आणि तिच्यावर विहिरीचे ठिकाण, खोली, तारीख व वेळ लिहावी. रोगजंतूंच्या तपासणीसाठी मात्र प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच वापरावी. ती विसळू नये, आणि बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोहोचवावी. पहिला नमुना मे महिन्यात, पाऊस पडण्यापूर्वी घ्यावा, व दुसरा पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास. दोन्ही निकाल विहिरीच्या नावासह एकाच फलकावर शेजारीशेजारी लिहावेत, म्हणजे पावसाबरोबर जमिनीत काय उतरले ते वाचता येणाऱ्या कोणासही दिसेल.