मेसचा एकवेळचा डबा आणि उरलेला अर्धा दिवस

पुण्यात शिकायला आलेल्या मुलामुलींचं महिन्याचं गणित ठरलेलं असतं. कॉट बेसिसचं भाडं, अभ्यासिकेची फी, मेस. यातलं भाडं कमी होत नाही, अभ्यासिका सोडता येत नाही. मग कात्री लागते ती पोटाला. दोन वेळची मेस एक वेळची होते आणि दुसऱ्या वेळेला वडापाव, पोहे, नाहीतर नुसता चहा-बिस्किट. घरी फोनवर मात्र "हो आई, जेवले" असंच सांगितलं जातं!

आता यात नेमकं काय कमी पडतं ते पाहू. पोट तर भरतं, मग अडचण काय? अडचण प्रथिनांची आणि लोहाची आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे 50 किलो वजनाच्या मुलीला साधारण 42 ग्रॅम. मेसच्या एका जेवणात चार पोळ्या, थोडा भात, एक भाजी आणि वाटीभर पातळ वरण धरलं तर जेमतेम 20 ग्रॅम मिळतात. (मेसचं वरण किती पातळ असतं हे मी सांगायला नको.) राहिलेले 22 ग्रॅम वडापावातून येत नाहीत. त्यात मैदा, बटाटा आणि तेलच जास्त.

पण हे 22 ग्रॅम महाग नाहीत बरं का. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 7 ग्रॅम प्रथिने असतात. 50 ग्रॅम फुटाण्यांत सुमारे 10 आणि एका उकडलेल्या अंड्यात 6. झाले 23. किराणा दुकानातून किलोने आणलं तर या तिन्हींचा खर्च मिळून वीस रुपयांच्या आसपास येतो. गावागावानुसार थोडं इकडेतिकडे होईल, पण वडापाव आणि कटिंगपेक्षा जास्त नक्कीच नाही. हेच फुटाणे सुट्या पुडीत घेतले तर मात्र बरेच महाग पडतात. म्हणून रूममधल्या तिघीचौघींनी मिळून महिन्याचा किराणा एकदम भरावा.

अंडं खात नसाल तर मटकी घ्या. रात्री भिजवायची, सकाळी ओल्या फडक्यात बांधायची, दुसऱ्या दिवशी मोड तयार. गॅस लागत नाही. मोड आल्यावर तिच्यात क जीवनसत्त्व वाढतं आणि लोह शोषू न देणारी फायटेट्स कमी होतात. फक्त कच्ची खाऊ नका, किटलीत एक उकळी द्या; दमट फडक्यात जंतूही वाढतात. दूध रोज परवडत नसेल तर अर्धा लिटरचं दही लावून ताक करा. शाकाहारी मुलांना बी-12 मिळण्याचा तोच स्वस्त मार्ग आहे.

डाळ आणि धान्य एकत्र खावं असं आजी म्हणते त्यालाही कारण आहे. गहू-तांदळात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात मिळतं. वरणभात, खिचडी, उसळ-भाकरी ही जोडी त्यामुळेच जमते. मेसमध्ये वाढताना एक पोळी कमी घ्या, पण वरण दुसऱ्यांदा मागा. लाजू नका!

आता लोहाकडे वळू, कारण मुलींच्या बाबतीत खरी काळजी इथे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 नुसार (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की थकवा येतो, जिना चढताना धाप लागते, वाचलेलं लक्षात राहत नाही. मुली समजतात अभ्यासाचा ताण आहे, आणि झोप येऊ नये म्हणून अजून एक चहा घेतात. चहातले टॅनिन जेवणातलं लोह शोषू देत नाहीत. म्हणून जेवणानंतर लगेच चहा नको, तासभर थांबा. उलट उसळीवर लिंबू पिळलं किंवा जेवणाबरोबर पेरूची फोड खाल्ली तर तेच लोह जास्त शोषलं जातं. बाराच्या खाली असाल तर नुसत्या आहारावर विसंबू नका, सरकारी दवाखान्यात तपासून लोहाच्या गोळ्या सुरू करा.

पैशाचीच अडचण असेल तर विद्यापीठाच्या 'कमवा व शिका' योजनेची चौकशी करा. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृह मिळालं नाही त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात भोजनाचा वेगळा भत्ता धरलेला आहे. अर्ज समाजकल्याण कार्यालयाकडे करायचा असतो. आणि सुट्टीत गावी जाताना मेसवाल्या काकूंना खाडा आधी सांगून ठेवा, त्या वाचलेल्या पैशांत महिन्याचे शेंगदाणे येतात.