धनुष्य कोणत्या हाताचें घ्यावें?

इ. स. २०२३ च्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनीची राजधानी बर्लिन येथें तिरंदाजीचे जागतिक सामने झाले. त्यांत साताऱ्याच्या आदिती स्वामी हिनें स्त्रियांमध्यें व नागपूरच्या ओजस देवतळे यानें पुरुषांमध्यें कंपाउंड धनुष्याचें जगज्जेतेपद मिळविलें. आदितीचें वय त्या वेळीं अवघें सतरा वर्षांचें होतें. अशा वार्ता कानीं पडल्यावर आपल्या मुलामुलींनीं धनुष्यासाठीं हट्ट धरावा, व पालकांनींही तो मोठ्या कौतुकानें पुरवावा, हें साहजिकच आहे. परंतु दुकानांत पाऊल टाकतांच पहिला प्रश्न येतो तो हा कीं, "धनुष्य उजव्या हाताचें देऊं कीं डाव्या?" पालक क्षणभरही न थांबतां सांगतात, "मुलगा उजव्या हातानें लिहितो, उजवेंच द्या." हें उत्तर पुष्कळदां बरोबर ठरतें, परंतु पुष्कळदां तें चुकतेंही, आणि चुकलें म्हणजे त्याचें प्रायश्चित्त त्या मुलास भोगावें लागतें. म्हणून या प्रश्नाचा थोडा खोलांत जाऊन विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम नांवाचाच घोटाळा दूर केला पाहिजे. उजव्या हाताचें धनुष्य म्हणजे उजव्या हातांत धरावयाचें धनुष्य, अशी पुष्कळांची समजूत असते. खरा प्रकार अगदीं उलट आहे. ज्या हातानें दोरी ओढावयाची, त्या हातावरून धनुष्यास नांव पडतें. उजव्या हाताचें धनुष्य डाव्या हातांत धरतात व उजव्या हातानें त्याची दोरी ओढतात. डाव्या हाताच्या धनुष्याचें याच्या उलट. यांत एक हात काम करतो व दुसरा स्वस्थ राहतो असेंही नाहीं. एक रेटतो, दुसरा खेंचतो, आणि दोहोंवर सारखाच भार पडतो. किंबहुना हातांवांचूनही ही विद्या साध्य होते. जम्मू-काश्मीरमधील शीतल देवी हिला जन्मतःच हात नाहींत. ती पायानें धनुष्य पेलते व खांदा आणि जबडा यांच्या बळावर बाण सोडते; इ. स. २०२४ मध्यें पॅरिस येथील पॅरालिंपिक सामन्यांत मिश्र जोडीच्या खेळांत तिनें कांस्यपदक मिळविलें.

आमच्या सातपुड्यांतील भिल्लांच्या बांबूच्या कमठ्यास उजवें-डावें असा भेद नाहीं. तो साधा वांकविलेला बांबू. आज या हातांत धरा, उद्यां त्या हातांत धरा, त्याची कांहींच तक्रार नसते. आधुनिक स्पर्धेच्या धनुष्याची गोष्ट निराळी. त्याच्या मधल्या भागास, म्हणजे जेथें मूठ असते त्या भागास, रायझर म्हणतात. मुठीच्या वर या रायझरची एक बाजू कोरून काढलेली असते, म्हणजे बाण धनुष्याच्या मध्यरेषेजवळून जाऊं शकतो व नेम धरणाऱ्यास समोरचें लक्ष्य दिसतें. उजव्या हाताच्या धनुष्यांत ही कोर नेम धरणाऱ्याच्या दृष्टीनें डाव्या अंगास असते, व बाण टेकविण्याचा आधारही त्याच अंगास असतो. मूठसुद्धां त्या त्या तळहाताच्या वळणाची घडविलेली असते. तेव्हां एका हाताचें धनुष्य दुसऱ्या हातीं देणें म्हणजे डाव्या पायाचा जोडा उजव्या पायांत घालण्यासारखेंच आहे. आदिती व ओजस ज्या प्रकारचें धनुष्य वापरतात, त्या चाकांच्या कंपाउंड धनुष्यांत तर ही अडचण अधिकच बिकट असते.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. नेम हातानें धरतात असें आपण म्हणतों; पण नेम धरतो तो डोळा. आणि आपले दोन डोळे दिसावयास सारखे असले तरी अधिकारानें सारखे नसतात. बहुतेक माणसांत एक डोळा प्रमुख असतो. दोन्ही डोळ्यांनीं आपण एखाद्या वस्तूकडे बोट रोखलें, तर तें बोट वास्तविक त्या एकाच डोळ्याच्या रेषेंत असतें. इटलींतील विद्वान जाम्बात्तिस्ता देल्ला पोर्ता यानें इ. स. १५९३ इतक्या पूर्वीं ही गोष्ट नमूद करून ठेविली आहे. डावखुरीं माणसें शंभरांत सुमारें दहाच असतात. परंतु डावा डोळा प्रमुख असणारीं शंभरांत तीसाहून अधिक असतात. उजव्या हातानें लिहिणाऱ्या मुलांपैकींही सुमारें एक तृतीयांश मुलांचा प्रमुख डोळा डावा असतो. आपल्या वर्गांत साठ मुलें असतील, तर हिशेब तुमचा तुम्हीं करून पहा.

ही परीक्षा घरच्या घरीं, बिनखर्चाची आहे. दोन्ही हात समोर लांब करून तळवे बाहेर वळवावे, आणि दोन्ही पंजे एकमेकांवर आणून अंगठे व तर्जनी यांमध्यें रुपयाएवढी फट ठेवावी. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटींतून दूरच्या भिंतीवरील घड्याळ पहावें. मग नजर न हलवितां हात हळूहळू तोंडाजवळ आणावे. फट ज्या डोळ्यापाशीं येऊन थांबेल, तो प्रमुख डोळा. ही परीक्षा चारपांच वेळां घ्यावी, व ती कशासाठीं चालली आहे हें मुलास आधीं सांगूं नये. नाहीं तर आज्ञाधारक मूल वडिलांना हवा असेल तोच डोळा पुढें करतें! प्रमुख डोळा म्हणजे अधिक चांगला दिसणारा डोळा, असेंही समजूं नये. ज्या डोळ्यास चष्म्याची कांच जाड लागते, तोही प्रमुख असूं शकतो. कांहीं थोड्यांच्या बाबतींत तर स्पष्ट निवाडाच होत नाहीं.

हात एका बाजूचा व डोळा दुसऱ्या बाजूचा असला म्हणजे काय होतें, याचें गणित भूमितीच्या विद्यार्थ्यांस सहज समजेल. उजव्या हातानें दोरी ओढली असतां बाणाचें मागील टोंक उजव्या डोळ्याखालीं येतें. परंतु नेमाची खूण लक्ष्याशीं जुळविण्याचें काम जर डावा डोळा करूं लागला, तर बाण उजवीकडून डावीकडे तिरपा रोखला जातो. दोन डोळ्यांत सुमारें ६ सेंटीमीटर अंतर असतें. नेमाची खूण डोळ्यापासून ९० सेंटीमीटरवर व लक्ष्य १० मीटरवर आहे असें धरा. समरूप त्रिकोणांवरून बाण सुमारें ६० सेंटीमीटर डावीकडे जाईल. लक्ष्याचा कागद बहुधा याहून अरुंदच! मुलगा पुन्हां नेम धरतो, त्यास खूण बरोबर मध्यावर दिसते, आणि बाण पुन्हां तेथेंच जातो. शिक्षक म्हणतात, लक्ष नाहीं; सोबती हंसतात; घरीं खर्चाचा उद्धार होतो. कांहीं दिवसांनीं धनुष्य माळ्यावर जातें. त्या मुलाचें लक्ष तर पूर्ण होतें, फक्त तें त्याच्या डाव्या डोळ्यांत होतें.

अशा वेळीं कोणाचें ऐकावें, हाताचें कीं डोळ्याचें? नवशिक्या मुलापुरतें बोलावयाचें तर आमचें मत डोळ्याच्या बाजूचें आहे. नवीन हातास दोरी ओढण्याची संवय दोनचार महिन्यांत लागते. प्रमुख डोळा मात्र असा सहजासहजीं बदलत नाहीं. तथापि हा नियम लोखंडी नव्हे. ज्याचा उजवा हात बराच बळकट व डावा अगदींच दुबळा आहे, किंवा ज्यानें दोनचार वर्षें एका हातानें अभ्यास केला आहे, त्यानें डाव्या डोळ्यापुढें चष्म्याला लहानसा पडदा लावून उजव्यानें नेम धरावा. असे पडदे मोठमोठ्या स्पर्धांतूनही दिसतात. एक डोळा मिटूनही काम भागतें. पण दिवसभर डोळा मिटून धरण्यानें चेहरा आंबतो.

डाव्या हातानें दोरी ओढावयाची म्हटलें कीं घरांतील वडील माणसें जराशीं नाक मुरडतात. डाव्या हाताविषयींचा हा आकस जुना आहे. परंतु धनुर्धरांच्या इतिहासांत त्यास आधार सांपडत नाहीं. अर्जुनाच्या दहा नांवांत सव्यसाची हें एक आहे, आणि विराटपर्वांत तो स्वतःच उत्तराला त्याचा अर्थ सांगतो कीं, गांडीव ओढण्यांत आपले दोन्ही हात सारखेच कुशल आहेत. पवित्र शास्त्रांत इतिहासाच्या पहिल्या ग्रंथांतील बाराव्या अध्यायांत दाविदाकडे आलेल्या बन्यामिनी वीरांचें वर्णन आहे. तेही दोन्ही हातांनीं गोफण व धनुष्य चालवीत.

डाव्या हाताचीं धनुष्यें दुकानांत कमी असतात, मागवून घ्यावीं लागतात, हें मात्र खरें. त्यासाठीं घाई करूं नये. पहिले कांहीं महिने क्लबाचें धनुष्य वापरावें, व तें हलकें असावें. लहान मुलास वीस पौंडांहून अधिक ओढ देऊं नये. तेंही मिळेपर्यंत व्यायामाच्या रबरी पट्टीनें दोन्ही बाजूंनीं ओढून पहावें. सुटे भाग जोडण्याच्या धनुष्यांत एक सोय अशी कीं, हाताचा भेद रायझरपुरता असतो. वरचें व खालचें पातें बहुधा दोन्ही हातांस चालतें, म्हणून चूक झाली तरी सगळेंच वायां जात नाहीं. बाणही तेच चालतात. बोटांचें कातडी आवरण मात्र त्या त्या हाताचेंच घ्यावें. आणि दुकानांत धनुष्य पारखतांना बाण लावल्याशिवाय दोरी ओढून सोडूं नये. बाणाकडे जावयाचा जोर मग धनुष्यावरच उलटतो, आणि पातें तडकलें तर दुकानदार उजवें-डावें कांहीं न पाहतां पैसे मागतो.