भोंगा वाजतो, पण नाक शाबूत आहे का?

अमेरिकेत दिवाळीच्या आगेमागेच, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, घड्याळं एक तास मागे जातात. १९८७पासून तिथली अग्निशमन दलाची मंडळी घड्याळं मागे नेण्याचा मुहूर्त साधून सांगत आली आहेत, की घड्याळाला हात लावताच आहात तर छतावरच्या स्मोक डिटेक्टरची बॅटरीही बदला.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत या यंत्राची ओळख बहुधा फोडणीतून होते. मिरची करपली किंवा चकल्यांचं तेल जरा जास्त तापलं, की ठणाणा सुरू. मग कुणी टॉवेल हलवतं, कुणी खिडक्या उघडतं, आणि कुणीतरी हुशारीने यंत्रावर शॉवर कॅप चढवतं. फराळ डब्यांत भरला जातो, कॅप मात्र तशीच राहते. बॅटरीच काढून ठेवणारे बहाद्दरही कमी नाहीत. खरा उपाय साधा आहे: यंत्र शेगडीपासून किमान दहा फूट लांब लावायचं.

स्वित्झर्लंडच्या वॉल्टर येगर यांना १९३०च्या दशकात विषारी वायू हुडकणारं उपकरण बनवायचं होतं. वायू काही सापडेना, पण सिगारेटच्या धुराने काटा हलला, असं सांगतात. आजही काही यंत्रांत अमेरिशियम-२४१चा सूक्ष्म अंश असतो. त्याच्या किरणोत्सर्गामुळे कप्प्यातल्या हवेतून बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो आणि धूर शिरला की तो घटतो. दुसऱ्या प्रकारात अंधाऱ्या कप्प्यातला प्रकाश धुराच्या कणांवर आपटून विखुरतो. भडकलेल्या ज्वाळा पहिल्याला लवकर कळतात, धुमसणारी गादी दुसऱ्याला.

दोन्हींचा शत्रू एकच, धूळ. ती कप्प्यात साचली की यंत्र उगाच बोंबलतं, नाहीतर वेळेला गप्प बसतं. कोळ्यांनाही त्या फटी फार आवडतात. घरातली जाळी काढताना व्हॅक्यूम क्लीनरचा मऊ ब्रश कडेच्या फटींवरून फिरवावा आणि बाहेरून कोरड्या फडक्याने पुसावं. ओलं फडकं, साबण, स्प्रे काही नको. छत रंगवताना यंत्रावरही ब्रश फिरवणारे रंगारी असतात. त्यांच्यावर लक्ष ठेवा.

चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. त्याने बॅटरी आणि भोंगा जिवंत असल्याची खात्री पटते. पण घरातल्या दुसऱ्या यंत्रात, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूच्या अलार्ममध्ये, बटण दाबल्याने सेन्सरपर्यंत वायू पोचत नाही. म्हणजे आवाज तपासला, नाक नाही. त्यातला रासायनिक सेन्सर न वाजताही म्हातारा होतो. म्हणून यंत्र उलटून मागची तारीख वाचायची. स्मोक डिटेक्टर दहा वर्षांनी बदलायचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म साधारण पाच ते दहा वर्षांत, उत्पादकाने लिहिलं असेल त्याप्रमाणे.

आवाजही ओळखायला हवेत. थांबून थांबून तीन बीप म्हणजे धूर, चार म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. मिनिटाभराने एकच चिवचिवाट म्हणजे बॅटरी संपत आली किंवा यंत्राचं आयुष्य. हा चिवचिवाट हमखास पहाटे सुरू होतो, कारण गारव्यात दमलेल्या बॅटरीचा दाब आणखी उतरतो.

सिलिंडरच्या गॅसला वास यावा म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन मिसळतात. कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंग नाही, वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. अमेरिकी मानकाप्रमाणे हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग असतील, तर अलार्म एक ते चार तासांत वाजतो; ४०० असतील, तर चार ते पंधरा मिनिटांत. तो वाजेपर्यंत वायू घरात बराच वेळ मुरलेला असू शकतो. अशा वेळी बटण दाबून गप्प करू नये. सगळ्यांना घेऊन बाहेर पडावं आणि मग ९११ला फोन करावा. घरातल्या सगळ्यांचंच डोकं दुखतंय आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय, हीही खूणच.

महाराष्ट्रात हाच वायू बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमधून येतो. तिथे अलार्म टांगून भागत नाही, कारण वाफेत सेन्सर नीट चालत नाही. गीझरच बाथरूमबाहेर, हवा खेळती असेल अशा जागी लावायचा आणि अलार्म झोपायच्या खोलीजवळ.