हिशेबाचा सर्व्हर बंद करताना घाई नको

रमजानच्या अखेरच्या दिवसांत दुकानात बिलांची रांग लागते आणि नेमका तेव्हाच लिनक्सवरचा हिशेबाचा सर्व्हर अडतो. मग पुष्कळ बांधव 'किल' आज्ञेला ९ हा आकडा जोडून तो बंद पाडतात. आम्हाला हे पसंत नाही. मुनीम खतावणीत रक्कम लिहीत असताना वही ओढून घ्यावी, तसा हा प्रकार! ९ नंबरचा इशारा प्रोग्रामला आवराआवरीची सवडच देत नाही. आकडा न जोडता 'किल' म्हटले तर १५ नंबरचा इशारा जातो. तो मिळाल्यावर मारियाडीबीसारखा प्रोग्राम नवे काम घेत नाही, अर्धवट नोंदी रद्द करतो, फायली नीट मिटतो आणि मगच थांबतो.

हल्लीच्या बहुतेक लिनक्समध्ये 'सिस्टिमसीटीएल रिस्टार्ट मारियाडीबी' एवढी आज्ञा पुरते. ती आधी १५ नंबरनेच थांबवते, मग पुन्हा सुरू करते. दोन-चार मिनिटे लागली तरी धीर धरावा. नंतर 'स्टेटस' विचारावे. 'ॲक्टिव्ह' असे उत्तर आले की शेवटची बिले कच्च्या वहीशी ताडून पाहावीत. रद्द झालेले बिल पुन्हा टाकायचे राहिले, तर माल गेलेला असतो आणि उधारी कुठेच लिहिलेली नसते.