स्थूल मुलाचा गुडघा दुखतो तेव्हा

कवायतीत मागे राहणाऱ्या स्थूल मुलास आळशी ठरविण्यात येते. त्याला काही दुखते काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. 2003 साली अमेरिकेत 106 अतिस्थूल मुलांची पाहणी झाली. त्यांच्या जीवनाचा दर्जा कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांइतकाच खालावलेला आढळून आला.

वाढीच्या वयात अतिरिक्त भारामुळे खुब्यातील मांडीच्या हाडाचे डोके वाढीच्या कूर्चेपाशी सरकू शकते. वेदना मात्र पुष्कळदा गुडघ्यातच जाणवते. गुडघ्याचे क्ष-किरण छायाचित्र निर्दोष येते आणि मूल ढोंगी ठरते! अशा वेळी खुबाही तपासून घेणे अत्यावश्यक होय. निदान लांबल्यास सांधा कायमचा अधू होण्याचा संभव असतो. लंगडणाऱ्या मुलास पायी न चालविता त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे.