पिण्याची रीत आणि विकण्याची नीती

इटलीतील मद्यपानाविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. जेथे घरोघरी जेवणासोबत मद्य घेतात तो समाज बुडालाच, असे एक पक्ष म्हणतो. ज्यांस पिण्याची रीत साधली त्यांस मद्याचे भय नाही, असे दुसरा म्हणतो. आमच्या मते दोघेही अर्धेच पाहतात.

रीत आहे, हे खरे. द्राक्षमद्य तेथे अन्नाचाच भाग मानले जाते व ते ताटाबरोबर घेतात. जेवणापूर्वी भूक चाळवण्यासाठी एखादे कडवट पेय आणि सोबत खारे खाणे. १७८६ साली तुरीन शहरी कार्पानो याने विकावयास काढलेले व्हर्मुथ हे याच वर्गातले. जेवणानंतर पचनासाठी वनस्पतींचे कडू 'आमारो', किंवा द्राक्षांच्या चोथ्यापासून गाळलेली ग्रापा, आणि तीही इवल्याशा पेल्यात. चारचौघांत झिंगणे लाजिरवाणे समजतात. ही बंधने कोणा शिपायाने घातलेली नाहीत. वडील माणसांच्या पंक्तीस बसून ती अंगवळणी पडतात.

परंतु रीत पिणाऱ्यास आवरते. विकणाऱ्यास कोण आवरणार? १९८६ च्या मार्च महिन्यात उत्तर इटलीत स्वस्त द्राक्षमद्य पिऊन माणसे मरू लागली. मद्याचा जोर वाढवण्यासाठी काही व्यापाऱ्यांनी त्यात मिथेनॉल मिसळले होते. १९८४ मध्ये त्यावरील कर उठल्याने ते फार स्वस्त झाले होते. हे विष चवीवरून ओळखू येत नाही. पोटात गेल्यावर त्याचे आम्ल बनते आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूंवर घाला घालते. २३ माणसे दगावली, कित्येकांची दृष्टी गेली. ज्याने पिण्याची रीत कसोशीने पाळली, त्यासही ती येथे तारू शकत नव्हती.

पुढे व्यापारावरही संकट कोसळले. इटलीच्या मद्याची निर्यात सुमारे तिसऱ्या हिश्श्याने घटली, आणि पिडमाँट प्रांतातील बार्बेरा द्राक्षांचे निरपराध बागाईतदारही नाडले गेले. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे. त्याच वर्षी सरकारने भेसळ रोखण्यासाठी मध्यवर्ती तपासणी खाते उभारले. शहाण्या बागाईतदारांनीही थोडा पण अस्सल माल काढण्याचा मार्ग धरला. गेलेली पत अशी हळूहळू परत आली. गेलेले डोळे मात्र परत आले नाहीत.

हेच विष २००४ साली विक्रोळीत आणि २०१५ साली मालवणीत गोरगरिबांच्या पेल्यांत होते. दोन्ही ठिकाणचे बळी मिळून पावणेदोनशेंहून अधिक भरतात. मद्य पिऊ नये असे म्हणणाऱ्यांनी आपला उपदेश अवश्य करावा. पण पिणारा मेला म्हणजे त्याचे पाप त्यास भोवले, असे म्हणून विष घालणाऱ्यास मोकळे सोडू नये. आमच्या व्यापारी बंधूंसही आमचे सांगणे इतकेच की, शेजारच्या दुकानातील भेसळ ही केवळ त्या दुकानदाराची बाब नव्हे. ती उघडकीस आणणे हे धर्माचे काम आहेच, पण हिशेबाचेही आहे.